रिमवर्ल्ड आणि त्याचे मॉड्स: कटकटी कुणाच्या कमी करायच्या?

रिमवर्ल्ड या संगणकावरच्या खेळात यान फुटून तीन माणसं एका अनोळखी ग्रहावर येऊन पडतात. त्यांना निवारा बांधून द्यायचा, शेती लावायची, थंडी, आजार आणि दरोडेखोरांतून जगवायचं आणि जमलंच तर नवं यान बांधून तिथून निघायचं. लढाईत हुकूम चालतो, एखाद्याला “हे आत्ताच्या आत्ता कर” असंही सांगता येतं. पण एरवी तुमच्या हातात असतो फक्त एक तक्ता. डावीकडे माणसं, वर कामं, मधल्या चौकटींत 1 ते 4 आकडे. 1 म्हणजे आधी हे, 4 म्हणजे वेळ उरला तर बघ. तक्ता भरायचा आणि काय होतंय ते बघत बसायचं.

मी नोकरीतही हेच करते. वॉर्डातल्या नर्सेसच्या ड्यूट्या लावायचं काम माझ्याकडे आहे. दिवसभर तेच करून रात्री पुन्हा तोच तक्ता उघडून बसते, याचं घरात सगळ्यांना नवल वाटतं. पण या तक्त्याला पॉजचं बटण आहे, आणि ज्याची रात्रपाळी लावली तो मला फोन करत नाही.

बरं, तक्ता भरला म्हणजे काम झालं असं नाही. प्रत्येक जण आपापला स्वभाव घेऊन आलेला असतो. एक आळशी, एक खादाड, एक तोंडाने फटकळ. एखादा आगलाव्या निघतो. तो मधूनच कशाला तरी काडी लावतो, आणि आग लागली की विझवायला मात्र येत नाही. सगळ्यांच्या मूडचा हिशोब खेळ उघड्यावर मांडतो. कच्चं खाल्लं, उणे 7. अंधारात वावरावं लागलं, झोपमोड झाली, खोली कोंदट आहे, त्याचे वेगळे. आणि जेवायला टेबल मिळालं नाही, उणे 3. हा टेबलाचा रुसवा रिमवर्ल्ड खेळणाऱ्यांमध्ये इतका गाजलाय की नवख्याला पहिला सल्ला तोच मिळतो: आधी टेबल बांध.

मूड साधारण 35 टक्क्यांच्या खाली गेला की माणूस कधी बिथरेल सांगता येत नाही. कुणी नुसताच उदास फिरत राहतो, कुणी खोलीत कोंडून घेतो, कुणी कोठारातलं खातच सुटतो. कुणी तर पुरलेलं प्रेत उकरून चारचौघांच्या मधे आणून ठेवतो. आणि हे सगळं उरकलं की त्या माणसाला मिळतात अधिक 40, अडीच दिवसांसाठी. आदळआपट करून झाली की माणूस मोकळा होतो, हे ज्याने आकड्यात बसवलं त्याने माणसं जवळून पाहिलेली आहेत.

तो माणूस म्हणजे टायनन सिल्वेस्टर. त्याच्या लुडिऑन स्टुडिओजने 2013 मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी काढून हा खेळ करायला घेतला, 2016 मध्ये तो अर्ली अॅक्सेस म्हणून, म्हणजे पुरा व्हायच्या आधीच, स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात आला आणि ऑक्टोबर 2018 मध्ये 1.0, म्हणजे पूर्ण, झाला. याला तो गेमपेक्षा गोष्टी तयार करणारं यंत्र म्हणतो. म्हणून अवघड-सोपं निवडण्याबरोबर इथे कथेकरीही, म्हणजे संकटं कधी आणायची ते ठरवणाराही, निवडायचा असतो. कॅसांड्रा संकटांची चढण हळूहळू वाढवत नेते, फीबी मधे भरपूर उसंत देते, रँडीचा काही नेम नाही. मी रँडीच घेते. कॅसांड्राची चढण एकदा कळली की पुढचं दार आधीच दिसायला लागतं.

आता दवाखाना. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण इथे माझं चालतं.

माझ्या मागच्या वस्तीत स्वयंपाक्याच्या डाव्या पायाला लांडगा चावला. रक्त थांबवलं, पट्टी झाली, पण दवाखान्याची फरशी अजून मातीची होती आणि जखमेत संसर्ग शिरला. इथून खेळ दोन आकडे दाखवतो: संसर्ग किती चढला आणि प्रतिकारशक्ती किती आली. जो आधी शंभरला पोचेल तो जिंकला. मधे तुमच्या हातात काय, तर रोगी अंथरुणातून उठणार नाही हे बघायचं, दिवसातून दोनदा जखम पुन्हा बांधायची आणि प्रत्येक वेळी औषध कुठलं वापरायचं ते ठरवायचं. झाडपाल्याचं, साधं, की ते परग्रहावरचं चकचकीत, जे कोठारात एकच उरलंय? ड्रेसिंग चांगलं झालं की संसर्गाचा वेग मंदावतो. वाईट झालं की तो सरळ पुढे निघून जातो. आमची डॉक्टरीण नवशिकी. एक ड्रेसिंग बरं, पुढचं वाया. संसर्ग सत्तरीच्या पुढे, प्रतिकारशक्ती साठीच्या आसपास घुटमळतेय. अशा वेळी एक वाट उरते: पाय कापायचा. पाय गेला की त्यातला संसर्गही गेला.

कापला. लाकडी पाय बसवला. स्वयंपाकी वाचला, पण आता चुलीपर्यंत पोचायला त्याला वेळ लागतो, म्हणून जेवण उशिरा होतं, म्हणून खाणीतले दोघे कच्चं खाऊन मोकळे होतात, म्हणून संध्याकाळी दोघांची तोंडं वाकडी. एका चाव्यापासून सुरू झालेली ही साखळी कुणी लिहून ठेवलेली नव्हती. मला या खेळाने धरून ठेवलंय ते या साखळ्यांनी.

आणि खेळ हे विसरत नाही. वस्तीत जे घडतं त्याची तो नोंद ठेवतो, आणि तुमच्यातला शिल्पकार पुतळा घडवतो तेव्हा त्या नोंदींतला एखादा प्रसंग उचलतो. काही काळाने जेवणघरासाठी दगडी पुतळा झाला, त्यावर टिचकी मारली, तर खाली वर्णन: डॉक्टरीणबाई त्या स्वयंपाक्यावर शस्त्रक्रिया करताहेत. ठेवला त्याच्याच टेबलासमोर. पुतळा सुंदर असल्याने सगळ्यांचा मूड वाढला, त्याचासुद्धा!

पण इथेच माझी तक्रारही आहे. कामांच्या तक्त्यात नर्सिंग असा रकानाच नाही. रोग्याला भरवणं, जखमीला उचलून आणणं, हे सगळं डॉक्टरच्या रकान्यात. परिणाम असा की सगळ्यांत कुशल हात भाताची थाळी घेऊन पलंगामागून पलंग फिरतोय आणि तिकडे कुणाचं तरी रक्त वाहतंय. हे बघून मला घरी बसल्या कामावर असल्यासारखं वाटतं.

याच रागातून मी मॉड्सकडे, म्हणजे खेळणाऱ्यांनीच करून दिलेल्या जोड-बदलांकडे वळले. फ्लफी या नावाने मॉड करणाऱ्याचा वर्क टॅब घातला. तो एकेका कामाचे तुकडे पाडून देतो: भरवणं वेगळं, ऑपरेशन वेगळं, आणि तासागणिक प्राधान्य बदलायची सोय. पहिल्या संध्याकाळी मी वस्ती चालवलीच नाही, नुसता तक्ता लावत बसले.

रिमवर्ल्डच्या मॉड्सचा पसारा एवढा का, याला कारण आहे. खुर्चीची किंमत, बंदुकीचा पल्ला, पिकाचे दिवस, असा पुष्कळ माल साध्या एक्सएमएल फायलींत वाचता येईल असा पडलेला आहे. ज्याला प्रोग्रॅमिंग येत नाही तोही नवं पलंग-कपाट करू शकतो. ज्याला येतं त्याच्यासाठी आंद्रेआस पार्डेके याने केलेलं हार्मनी आहे. मूळ फायलींना हात न लावता, खेळ चालू असताना त्याचं वागणं बदलता यावं म्हणून. वर्कशॉपवरचे (स्टीमवर मॉड्स मिळतात ती जागा) कितीतरी मॉड्स त्याच्यावर उभे असतात, म्हणून यादीत ते वरती ठेवायचं. मॉड्सचा क्रम चुकला की लाल अक्षरांची रांग लागते.

कुठले घ्यावेत? माझा नियम सरळ आहे. माझ्या बोटांचा त्रास कमी करणारा मॉड चालेल, वस्तीतल्या माणसांचा त्रास कमी करणारा नको. अलाव टूल घ्या, क्लिक वाचतात. पिक अप अँड हॉल घ्या, कारण मूळ खेळात माणूस एका फेरीत एकच ढीग उचलतो आणि ते बघवत नाही. पण मूड पडूच देत नाही, जखम दिवसात भरून काढतो, सगळी कौशल्यं वीसवर नेऊन देतो, असले मॉड्स पाहिले की वाईट वाटतं. मग उरतं काय? सगळे सुखी आहेत, भात पिकतोय, तुम्ही जांभया देताय. सुरुवातीची माणसं आपल्याला हवी तशी घडवून घेता येणारे मॉड्सही मी याच खात्यात टाकते, जरी ते फार लोकप्रिय असले तरी. खोकणारा, फटकळ, मातीकामाला नकार देणारा माणूस वाट्याला आला की त्याच्याभोवती वस्ती कशी बसवायची, यात खरी करमणूक आहे.

याउलट डब्स बॅड हायजीन बघा. मूळ खेळात कुणी संडासला जात नाही. हा मॉड ती सगळी गरज आणतो: विहीर, टाकी, नळ, न्हाणी, मैल्याचे पाइप. मैला सोडलेल्या जागेच्या जवळून पाणी उपसलं तर हगवण आणि कॉलराही. वीज गेली की पंप बंद, पंप बंद की अंघोळ नाही, अंघोळ नाही की रुसवे. कटकटच कटकट. पण भिंती कुठे घालाव्यात हे आता पाण्यावरून ठरतं, आणि वस्ती पहिल्यांदा खरी वाटते. हॉस्पिटॅलिटी मॉडही त्याच जातीचा. पाहुणे राहायला येतात, त्यांना खोल्या द्याव्या लागतात, त्यांची मर्जी राखावी लागते, आणि मर्जी बसली तर त्यांतला एखादा कायमचा तुमच्यात येतो. पाहुणा आला त्याच दिवशी आपला आगलाव्या बिथरला की काय होतं, ते स्वतःच बघा.

कॉम्बॅट एक्स्टेंडेडची तारीफ खूप ऐकाल. लढाई तो मुळापासून बदलतो, दारूगोळ्याचा हिशोबही आणतो. ज्यांना युद्धात रस आहे त्यांनी जरूर घ्यावा. मला गोळ्या मोजायच्या नाहीत, औषधं मोजून हात दुखतात. व्हॅनिला एक्स्पांडेड ही ऑस्कर पोटोत्स्की आणि त्याच्या चमूची मालिका मात्र सगळ्यांना सांगेन. चित्रं, तोल, सगळं मूळ खेळाच्या अंगाचं. धोका एकच: त्यातले भाग इतके आहेत की एक घेता घेता माणूस दहा घेतो.

आणि मग खेळ रांगायला लागतो. साध्या वेगात तो सेकंदाला 60 टिक, म्हणजे खेळातल्या वेळेची 60 पावलं, मोजतो, सर्वांत वेगवान बटणावर 360. मॉड्स भरमसाट झाले, माणसं-जनावरं वाढली की 360 नुसता नावाला उरतो. नवी आवृत्ती आली की आणखी एक दुखणं: जुने मॉड्स तिच्याशी जुळवून घ्यावे लागतात, आणि ते करणारा माणूस फावल्या वेळात फुकट काम करत असतो. माझ्या चालू वस्तीतला एक छोटासा सजावटीचा मॉड असाच मागे पडला, आणि सेव्ह, म्हणजे साठवून ठेवलेला खेळ, उघडली तर अर्ध्या जेवणघरातल्या खुर्च्या गायब. पुन्हा टेबलाचे रुसवे. यावर तोडगा साधा: वस्ती ऐन रंगात असताना मॉड काढू नका, आणि सेव्हची प्रत वेगळी ठेवा.

मूळ खेळाच्या अधिकृत विस्तारांबद्दल थोडक्यात. 2020 चं रॉयल्टी आणि 2021 चं आयडिऑलॉजी नंतर घेतलं तरी बिघडत नाही. 2022 चं बायोटेक आधी घ्या. बाळंतपण, लहान मुलं, जनुकं, सगळं आलं आणि वस्तीला पिढ्या आल्या. 2024 चं अॅनोमली भयकथा आहे, माझ्या प्रकृतीला मानवलं नाही. 2025 च्या ओडिसीत वस्तीच यानात बसून उडते, शिवाय मासेमारी आली. मासेमारी मॉडवाल्यांनी कधीच करून ठेवली होती. फळीवर एका चौकटीत एकच ढीग मावायचा, त्यावरही मॉड्सनी आधी उपाय काढला, मूळ खेळाने 1.4 आवृत्तीत तीन ढिगांची सोय केली. हे बघून मला बरं वाटतं. चोरी म्हणा हवं तर, पण योग्य जागी केलेली.

याच जातीचे दुसरे खेळही आहेत. ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड गोंडस दिसतो, पण आत भौतिकशास्त्राची परीक्षा आहे: कार्बन डायऑक्साइड तळाला साचतो, हायड्रोजन छताला, आणि उष्णता कुठे ढकलायची याच विवंचनेत रात्र जाते. माणसांपेक्षा पाइप आवडत असतील तर तोच घ्या. ड्वार्फ फोर्ट्रेस या सगळ्यांचा आजोबा, 2006 पासूनचा. 2022 मध्ये चित्रांसकट स्टीमवर आला. त्यात एकदा मांजरं पटापट मरायला लागली. शोध घेतला तर गुत्त्यात सांडलेली दारू त्यांच्या पंजांना लागत होती आणि पंजे चाटून ती झिंगून मरत होती. कुणी ठरवून केलं नव्हतं, नियमांची टक्कर झाली इतकंच. खोली तिथे जास्त आहे यात वाद नाही. पण शिकायला लागणारा धीर माझ्याकडे कामावरून आल्यावर उरत नाही.

रिमवर्ल्ड घ्यायचाच असेल तर संगणकावर घ्या. कन्सोलवर तो आहे, पण तिथे वर्कशॉप नाही, म्हणजे अर्धा खेळ नाही. पहिली वस्ती एकही मॉड न घालता चालवा. ती बुडेल, बुडू द्या. काय खुपलं ते लक्षात ठेवा. दुसरीला हार्मनी, अलाव टूल आणि वर्क टॅब, एवढंच. हायजीन तिसरीला, आणि मैल्याचा पाइप विहिरीपासून लांब.