ग्राइंडिंगचे बिल दिले, क्रँक तसाच होता

बेअरिंगे गेली, एवढे सांगणे म्हणजे निदान नव्हे. ती का गेली हे न शोधता नवी बसवली तर तीही जातात, आणि गाडीमालक पुन्हा खर्चात पडतो. आमच्या दारव्हा तालुक्यात कापूस-तूर बाजारात नेण्यासाठी अनेकांची भिस्त अजून जुन्या डिझेल जीपवर आहे, म्हणून माझा अनुभव लिहितो.

चढावर जोर पडताच इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागले आणि इंजिन तापले की ऑइलचा दाब उतरू लागला. पिस्टनला क्रँकशी (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी) जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे गेली आहेत, हे गॅरेजवाल्याने इंजिनाखालचे ऑइलचे चेंबर उघडून सांगितले, आणि ते खरे होते. कारण मात्र त्याने न तपासताच ठरवले : "तुमचं ऑइलच हलकं होतं, भाऊ." बिलात क्रँक ग्राइंडिंग (झिजलेला क्रँक घासून पुन्हा गोल करणे), ०.२५ मिलिमीटर अंडरसाइज, म्हणजे घासून तेवढ्या बारीक झालेल्या क्रँकला बसणारी बेअरिंगे आणि नवा ऑइल पंप असे तिन्ही खर्च होते. जुने भाग मागितले, तर ते भंगारात गेल्याचे उत्तर मिळाले.

हंगाम संपायच्या आत तोच आवाज परत आला. यवतमाळच्या एका जुन्या मिस्त्रींनी इंजिन माझ्यासमोर उघडले. शेलच्या, म्हणजे बेअरिंगच्या अर्धगोल तुकड्याच्या, पाठीवर ०.२५ चा शिक्का नव्हता, मूळ मापाची 'एसटीडी' ही अक्षरे होती. मायक्रोमीटरने जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) मोजले, तेव्हा ते कुठेही ग्राइंड झालेले नव्हते, फक्त झिजून लंबगोल झाले होते; आणि ही ढिलाई लपवण्यासाठी शेलमागे पातळ पत्रा घातला होता, ज्यामुळे शेल नीट बसत नाही आणि त्याची उष्णताही रॉडकडे जात नाही. पंप जुनाच होता. त्याची जाळी घट्ट गाळाने बुजली होती आणि चेंबर बसवताना सढळ हाताने लावलेल्या सिलिकॉन पेस्टचे तुकडेही तिच्यात अडकले होते.

मिस्त्रींनी शेल वाचायला शिकवले, ते मला सर्वांत मोलाचे वाटते. मऊ थर पुसल्यासारखा ओढला जाऊन पृष्ठभाग काळवंडला आणि खालचे तांबे दिसू लागले, तर ऑइल कमी पोचत होते. घाण गेली असेल तर गोल फिरलेले ओरखडे आणि रुतलेले कण दिसतात. रॉड वाकलेला असेल तर वरच्या शेलची एक कड आणि खालच्याची विरुद्ध कड झिजते. माझे शेल पहिल्या प्रकारचे होते, म्हणजे दोष ऑइलच्या प्रतीचा नसून ते पोचण्याच्या वाटेचा होता, आणि ती वाट पहिल्या दुरुस्तीत कोणी साफच केली नव्हती.

इंजिन उघडताना स्वतः हजर राहा, जर्नलची मापे कागदावर लिहून घ्या आणि काढलेले शेल सिलिंडरच्या क्रमांकासह बांधून घरी न्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. बिल, मापांचा कागद आणि ते शेल जोडून माझी तक्रार मी यवतमाळला दाखल करत आहे.