वाफाऱ्याचे विजेचे यंत्र : दोन पावसाळ्यांनंतरचे मत

पातेल्यात उकळते पाणी घेऊन डोक्यावर टॉवेल ओढण्याची पद्धत आमच्या घरी पूर्वापार होती. परंतु पातेले कलंडून भाजण्याची भीती असल्यामुळे आम्ही हे यंत्र घेतले. खुणेपर्यंत पाणी भरल्यावर काही मिनिटांतच वाफ येऊ लागते आणि चोंदलेले नाक तात्पुरते का होईना, इतके मोकळे होते की रात्री झोप लागते. माझ्या दृष्टीने एवढ्यानेच त्याची किंमत वसूल झाली.

मात्र वाफेने सर्दी बरी होते, हा खोक्यावरील दावा मला मान्य नाही. सर्दी २०० हून अधिक प्रकारच्या विषाणूंमुळे, बहुतेकदा ऱ्हायनोव्हायरसमुळे होते आणि साधारण ७ ते १० दिवसांत आपोआप ओसरते. वाफ, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि विश्रांती यांनी फक्त त्रास हलका होतो, आणि अँटिबायोटिकचा तर विषाणूंवर काहीच परिणाम होत नाही.

यंत्राचा मुखवटा सैल बसतो, ही गंभीर उणीव आहे, कारण गरम पाणी सांडू शकते. म्हणून लहान मुलांसाठी मी ते मुळीच वापरत नाही, आणि त्यांच्यासाठी पाण्यात कापूर टाकणे तर धोक्याचेच आहे. मुलांचे नाक चोंदल्यास सलाईनचे थेंब अधिक सुरक्षित आहेत.