भांड्यांवर नाव घालायचं मशीन ट्रायलोबाइटला कितपत चालतं?

सांगलीत भांड्यांच्या दुकानात स्टीलच्या डब्यावर नाव घालून देतात, ते विजेचं मशीन दीड हजाराच्या आत विकतही मिळतं. ट्रायलोबाइट म्हणजे कधीच नामशेष झालेला, कवचवाला समुद्री प्राणी; त्याच्या जीवाश्माभोवतीचा दगड काढायला ते खरोखर चांगलं आहे. मात्र कवचालगतचे शेवटचे दोन मिलिमीटर त्याने काढायचे नाहीत. तेवढा संयम असेल त्यानेच घ्यावं.

आत कॉइल असते. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर टोक मिनिटाला सुमारे ६ हजार ठोके मारतं. नॉब फिरवला की ठोक्याची खोली कमीजास्त होते, वेग तोच राहतो. सुरुवात सगळ्यात कमी खोलीवर करा.

मशीन लावण्याआधी नमुना ओळखा, कारण काटे कुठे दडले असतील ते त्यावरूनच कळतं. सराफाकडचं दहापट भिंग घ्या आणि धडाचे आडवे खंड मोजा. ट्रायलोबाइटच्या प्रकारांपैकी फॅकॉप्स गटात ११, एल्राथिया आणि कॅलिमेनीत १३, असाफसमध्ये ८. फॅकॉप्सच्या डोळ्यात सुटी सुटी भिंगं ओळीने दिसतात. ती नसतील, डोळा नुसताच गुळगुळीत असेल आणि पृष्ठभागावर बारीक हवेचे बुडबुडे दिसत असतील, तर नमुना रेझिनचा, म्हणजे साच्यात ओतलेला नकली असण्याची शक्यता मोठी. ही शंका इथे नेहमीच ठेवावी. सांगली-साताऱ्याचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि ट्रायलोबाइट तर सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच संपले. म्हणजे इथल्या संग्रहातला प्रत्येक नमुना बाहेरून आलेला.

मशीन खरं उपयोगी पडतं ते मोरोक्कोच्या टणक चुनखडकात. अडचण अशी की कवचही कॅल्साइटचं (चुनखडकातलं मुख्य खनिज) आणि दगडही बहुतांशी कॅल्साइटचाच, त्यामुळे टोकाला दोन्हींतला फरक कळत नाही. तो डोळ्यांनीच ओळखायचा: कवच काळपट, चकचकीत, दगड राखाडी, निस्तेज. याच कारणाने व्हिनेगर किंवा लिंबू लावू नका. पितळेला चिंच लावावी तसं इथे चालत नाही. आम्ल कवचच खाऊन टाकतं.

नमुना टेबलावर न ठेवता वाळू भरलेल्या कापडी पिशवीवर टेकवा. कडक पृष्ठभागावर कंपनं परत उसळतात आणि आधीची भेग पूर्ण उकलते. भेगा दिसत असतील तर पॅरालॉइड बी-७२ (भेगा धरून ठेवणारं पारदर्शक अ‍ॅक्रिलिक रेझिन) आधी पाजा: १०० मिली अ‍ॅसिटोनमध्ये ५ ग्रॅम, बारीक ब्रशने, आणि पूर्ण वाळू द्या. मग टोक कवचाकडे न रोखता बाहेरच्या बाजूला तिरकं धरा आणि कडेकडून थोडा थोडा दगड उडवा. दाब देऊ नका. दाबलं की ठोका अडतो आणि कपची नको तिथे उडते. उडालेली कपची कवचाची असेल तर ती शोधून पातळ सुपरग्लूच्या एका थेंबाने लगेच बसवा, उद्यावर टाकू नका.

उरलेलं काम पिन-व्हाइसमध्ये (सुई पकडणारी छोटी मूठ) बसवलेल्या कार्बाइडच्या, म्हणजे अतिकठीण मिश्रधातूच्या सुईने, भिंगाखाली. धूळ फुफ्फुसात जाऊ नये म्हणून एन-९५ मास्क आणि चष्मा हवाच.

मशीनसोबत येणारं कार्बाइडचं टोक बोथट असतं, ही मोठी तक्रार. डब्यावर अक्षरं काढायला ते पुरतं. दोन खंडांमधल्या खाचेत शिरत नाही. कुपवाड एमआयडीसीत टूल-ग्राइंडिंग करणाऱ्याकडून डायमंड चाकावर धार लावून घ्या. साध्या चाकावर कार्बाइडला धार येत नाही. दुसरी तक्रार गरम होण्याची: पंधरा-वीस मिनिटांनी मूठ तापते, तेव्हा बंद करून थंड होऊ द्यावं.

हात बसवायला शहाबादी फरशीचा तुकडा घ्या, तोही चुनखडकच. त्यावर पेन्सिलने रेघ ओढायची आणि रेघेला न लागता अलीकडचा दगड काढायचा.

अमेरिकेतल्या यूटामधला एल्राथिया असेल तर हे मशीन घेऊच नका. तो शेल नावाच्या थरथरांच्या चिखल-खडकाच्या पापुद्र्यांत असतो आणि कंपनाने अख्खा पापुद्रा सुटतो. सुई आणि मऊ ब्रश पुरे. वॉलिसेरॉप्ससारख्या त्रिशूळवाल्या, काटेरी जातींनाही हे मशीन लावू नये. त्यांना कॉम्प्रेसरवर चालणारं बारीक एअर-स्क्राइब (हवेच्या दाबाने ठोके मारणारं पेनसारखं अवजार) लागतं, आणि ते या मशीनपेक्षा कितीतरी महाग पडतं.