भाजणीचा धंदा, शेड्युलिंगचं ॲप आणि भिंतीवरचं कॅलेंडर: नऊ महिन्यांनंतर

साताऱ्यात आमचा घरगुती पिठांचा धंदा आहे. थालीपिठाची, चकलीची आणि उपवासाची भाजणी, मेतकूट, आणि दिवाळीत थोडा तयार फराळ. भाजणं सासूबाईंच्या हातात, दळण-पॅकिंग जाऊबाईंकडे आणि माझ्याकडे. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप मात्र एकट्या माझ्या गळ्यात. "तुला येतं ना मोबाइलचं" असं घरात एकदा कुणी म्हणालं की ते काम कायमचं आपलंच होतं.

गेल्या वर्षी ६ जुलैला आषाढी एकादशी होती. मी त्याच दिवशी सकाळी उपवासाच्या भाजणीचा छान फोटो टाकला आणि दुपारपर्यंत अकरा जणींनी विचारलं, "ताई, आज मिळेल का?" कशी मिळणार? त्याच संध्याकाळी ठरवलं की आता नियोजन करायचं, आणि पोस्ट आधीच लावून ठेवायचं, म्हणजे शेड्युलिंगचं, एक ॲप घेतलं. सवलत मिळते म्हणून वर्षाचे पैसे एकदम भरले. ही पहिली चूक. नाव सांगत नाही, कारण चूक निम्मी माझीही होती.

ॲपमध्ये सणांची तयार यादी होती. आपण फक्त निवडायचं, पोस्ट आपोआप सुचते. मी निवडली. ११ जुलैला आमच्या पेजवर "पवित्र श्रावणाच्या शुभेच्छा" झळकल्या, खाली उपवासाची भाजणी. आता, उत्तरेत पौर्णिमेनंतर महिना बदलतो, त्यामुळे त्यांचा सावन ११ जुलैला सुरू झाला हे खरं. आपला श्रावण २५ जुलैला. मधले दोन आठवडे आपल्याकडे आषाढ चालू, म्हणजे घरोघरी आखाड तळणं आणि अमावस्येपर्यंत मटणाचे बेत. पहिलीच कमेंट आली, "अहो, आखाड चाललाय, कापण्यांचं काही असेल तर सांगा." सासूबाई दोन दिवस हसत होत्या.

त्याच यादीत करवा चौथ ठळक होती, वसुबारस नव्हतीच.

मराठी कॅप्शन लिहून देण्याची सोयही होती. तिने लिहिलं, "आमच्या स्वादिष्ट भाजणीसह आपल्या सणाला गोडवा द्या." भाजणीने गोडवा! आणि तयार डिझाइनमध्ये मराठी टाकलं की "दुसऱ्या", "साताऱ्या"तला अर्धा र कुठेतरी उडून जायचा. शेवटी मी कागदावर हाताने लिहून त्याचा फोटो टाकायला लागले. ते बरं दिसतं, असं चार जणींनी कळवलं.

पण खरा दणका सप्टेंबरात बसला. परदेशी फराळ पाठवायची घाई लवकर होते, म्हणून मी ऑगस्टच्या सुरुवातीलाच "अमेरिकेतल्या लेकीला फराळ पाठवा, आत्ताच बुकिंग करा" अशी पोस्ट १ सप्टेंबरसाठी लावून ठेवली आणि विसरून गेले. दरम्यान अमेरिकेने आयातशुल्काचे नियम बदलले आणि आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून तिकडची पार्सलं घेणं थांबवलं. पोस्ट मात्र ठरल्या वेळी, सकाळी नऊला, हसत हसत बाहेर पडली. दिवसभर फोन. एका काकूंनी तर पैसेही पाठवले होते, ते परत करावे लागले. टपालाचं बुकिंग १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झालं, पण लक्ष्मीपूजन २१ ला. तेवढ्यात चकली न्यू जर्सीला कशी पोहोचणार? यात ॲपचा दोष नाही, त्याला सांगितलं तेच त्याने केलं. पण तेव्हापासून लावून ठेवलेल्या पोस्टची यादी मी दर रविवारी डोळ्यांखालून घालते. आपलं दूध आपणच उतू जाण्याआधी बघायचं असतं.

चार महिन्यांनी ॲप उघडणं बंद केलं. पाचपैकी दोन गुण देईन, तेही एकाच जागी सगळं दिसतं म्हणून. दहा दुकानांचं काम पाहणाऱ्या एखाद्या मुलीला त्याचा उपयोग असेल. आमच्यासारख्यांना लागेल तेवढं फुकटात आहे. इन्स्टाग्रामवर व्यावसायिक खातं असेल तर ७५ दिवस पुढपर्यंतची पोस्ट तिथेच लावता येते. गणपती ते दिवाळी त्यात आरामात बसतं.

आता काय वापरते? भिंतीवरचं तिथीचं कॅलेंडर आणि दोनशेपानी वही. वहीत प्रत्येक सणासमोर चार रकाने: माल कधी तयार, ऑर्डर कधी बंद, व्हिडिओ कधी, आणि कुठला प्रश्न. सणाची तारीख शेवटी लिहायची. सुरुवात भाजण्यापासून. चकलीच्या भाजणीला धान्य धुऊन सावलीत वाळवायचं, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, गार करून दळायचं. हे सगळं दोघींच्या हातांना किती दिवस लागतं ते आधी. मग कुरिअरचे दिवस. मग गिऱ्हाइकाला घरी चकल्या करायला मोकळा वेळ. असं मागे मोजत गेलं की कळतं, दिवाळीची खरी पोस्ट दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, ३ ऑक्टोबरला, जायला हवी आणि १२ तारखेला ऑर्डर बंद. दिवाळीच्या दिवशीच्या शुभेच्छा मी टाकतच नाही. त्या दिवशी अख्खं गाव पणत्या टाकतं, आणि चकली तोवर डब्यात गेलेली असते.

नवरात्रात तरी फसलेच. नऊ दिवसांच्या नऊ पोस्ट तयार केल्या, आणि एक तिथी वाढल्यामुळे गेल्या वर्षी नवरात्र दहा दिवसांचं निघालं. तिथीचं कॅलेंडर समोर टांगलेलं होतं, बघितलं कुणी!

सगळ्यात कामाचा रकाना चौथा, प्रश्नाचा. व्हॉट्सॲपवर बायका जे विचारतात ते जसंच्या तसं वहीत उतरवते. "चकली तेलात विरघळते", "काटे पडत नाहीत", "दुसऱ्या दिवशी मऊ पडते". मग सासूबाईंना विचारायचं आणि पुतण्याने मोबाइल धरायचा. त्या सांगतात: मोहन जास्त झालं की विरघळते, पीठ कोरडं राहिलं की सोऱ्यातून तुकडे पडतात, आच कमी असली की तेल पिते आणि मऊ होते. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ, ना मेकअप ना लाइट, मागे कुकरची शिट्टी. लाइक बेताचेच, पण सेव्ह करणाऱ्या बऱ्याच निघाल्या, आणि ऑर्डर देताना "तो मोहनाचा व्हिडिओ पाहिला" असं सांगणाऱ्या त्याहून जास्त. गाण्याचं म्हणाल तर व्यावसायिक खात्याला गाजलेली गाणी फारशी मिळतच नाहीत. त्याचं आधी वाईट वाटायचं. आता कढईतल्या उलथन्याचा आवाज ठेवते, तो लोकांना आवडतो.

आणि एक सांगते, पोस्ट इन्स्टाग्रामवर असली तरी पैसे व्हॉट्सॲपवरूनच येतात. निदान आमच्याकडे. एकच निरोप सगळ्यांना एकदम पाठवायच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जणींची मर्यादा आहे, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोहोचतो. हे मला पाच महिन्यांनी कळलं! निम्म्या बायकांना काही जातच नव्हतं आणि मला वाटायचं की त्या रुसल्यात. आता पाकिटावर छोटी चिठ्ठी चिकटवतो, "हा नंबर सेव्ह करा, पुढच्या एकादशीच्या चार दिवस आधी आठवण करू." चिठ्ठी लावली त्याच महिन्यात सगळ्यात जास्त नंबर सेव्ह झाले. महाशिवरात्रीला, १५ फेब्रुवारीला, "आज मिळेल का" विचारणारी एकच होती, आणि ती आमचीच नणंद.

वेळ किती जातो? रविवारी दुपारी तासभर वही, आठवड्यात दोन व्हिडिओ. सणांच्या आधीच्या पंधरवड्यात जास्त. रोज एक पोस्ट टाकायचा हट्ट सोडला. पौषात तर दहा दिवस काहीच टाकलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

पाडवा झाल्यावर यंदाची वही उघडली. गेल्या वर्षीची पानं तशीच उतरवता येणार नाहीत, कारण यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्यामुळे पुढचे सगळे सण लांबलेत. गणपती गेल्या वर्षी २७ ऑगस्टला होते, यंदा १४ सप्टेंबरला. वर धोंड्याचा महिना म्हणजे जावयाला तेहतीस अनारसे, आणि अनारशाचं पीठ आम्ही याआधी कधी विकलेलंच नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, कापडावर जरासेच सुकवून ओलसर असतानाच दळायचे, गूळ मिसळून पुन्हा काही दिवस मुरवायचं. सासूबाईंनी माझ्याआधीच पेन घेऊन ५ मेच्या चौकटीत "तांदूळ भिजत" असं लिहून ठेवलंय. पुतण्याला त्या दिवशी सकाळी सातला उठायला सांगितलंय, तो अजून हो म्हणालेला नाही.