स्वॅपसाठी घेतलेली १ टीबी एसएसडी बनावट निघाली. तुम्ही लावण्याआधी हे वाचा

कमी रॅमच्या राउटरला यूएसबीवरून एसएसडी जोडून स्वॅप (रॅम कमी पडली की तिथली माहिती तात्पुरती ठेवायची डिस्कवरची जागा) द्यायची असा विचार करत असाल, तर डिस्क विकत घेण्याआधी एवढं वाचा. कल्पना चांगली आहे आणि मी ती अजूनही वापरतो. पण बनावट डिस्क स्वॅपमध्ये गेली की फसवणूक लक्षात यायला फार उशीर होतो, आणि तोवर दोष भलत्याच गोष्टींवर जातो. माझ्या बाबतीत अगदी हेच झालं.

माझ्या डब्यात, म्हणजे राउटरमध्ये, ५१२ एमबी रॅम आहे आणि त्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची लिनक्स प्रणाली चालते. नुसत्या राउटिंगला तेवढी रॅम पुष्कळ होते. पण जाहिराती अडवणाऱ्या मोठ्या याद्या, व्हीपीएन आणि ट्रॅफिकची नोंद हे सगळं एकत्र सुरू केलं की कर्नल (प्रणालीचा गाभा) हात वर करतो आणि ओओएम किलर, म्हणजे रॅम संपली की जागा होणारा त्याचाच भाग, सर्वांत जड प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) मारून टाकतो. बहुतेक वेळा बळी डीएनएसचा, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा. आतल्या फ्लॅशवर स्वॅप ठेवणं चूक, कारण ती चिप सततच्या लिखाणाने झिजते आणि ती गेली की डबाच गेला. म्हणून बाहेरची एसएसडी. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून '१ टीबी पोर्टेबल एसएसडी, यूएसबी ३' अशी वस्तू घेतली. सुरुवातीला २० जीबीचं ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टीम) पार्टिशन लॉगसाठी, म्हणजे सेवांच्या नोंदींसाठी, शेवटाला ४ जीबी स्वॅप, आणि मधली सगळी जागा पुढे पॅकेट कॅप्चरसाठी (नेटवर्कवरून जाणारा डेटा साठवण्यासाठी) मोकळी. स्वॅप तयार करणाऱ्या एमकेस्वॅपने तक्रार केली नाही, ती चालू करणाऱ्या स्वॅपऑनने केली नाही, आणि 'फ्री' कमांडमध्ये नवी स्वॅप झळकायला लागली.

पहिले काही दिवस सगळं सुरळीत होतं, कारण स्वॅपची खरी गरजच फारशी पडली नव्हती. याद्या वाढवल्या आणि पडझड सुरू झाली. डीएनएसची प्रोसेस सेगफॉल्ट (मेमरीतली चूक) देऊन मरायची, परत उठायची, परत मरायची. व्हीपीएन अधूनमधून तुटायचं. अ‍ॅडमिन पान कधी अर्धवट यायचं. आणि एवढं होऊनही आयपी पत्त्यावर केलेला पिंग अखंड चालू, फायरवॉलचे नियम जागेवर, पॅकेटं नीट पुढे जात होती. ही खूण लक्षात ठेवा. लिनक्स कर्नल स्वतःची मेमरी स्वॅपमध्ये टाकत नाही, वापरकर्त्याच्या प्रोसेसची टाकतो. त्यामुळे स्वॅप सडकी असेल तर राउटिंग टिकतं आणि वरच्या सेवा कोसळतात. रॅम खराब असती तर कर्नलही कधीतरी कोसळला असता. मात्र हे सगळं नंतर जुळलं. तेव्हा संशय आधी पॉवर अ‍ॅडॉप्टरवर गेला, मग यूएसबी केबलवर, मग फर्मवेअरवर. कर्नल लॉगमध्ये डिस्कबद्दल चकार शब्द नव्हता, एकही आय/ओ एरर (लिहिण्या-वाचण्यातली चूक) नाही.

उलगडा झाला तो डीएनएसची लॉग फाइल उघडल्यावर. तारीख-वेळेच्या ओळी नीट चालल्या होत्या, आणि एका ओळीच्या मध्येच शब्द तोडून जाहिरातींच्या डोमेनची नावं सुरू झाली. नव्या ओळीची खूण नाही, वेळ नाही. नुसती नावांची रास, नंतर काही बायनरी कचरा, आणि पुढे पुन्हा व्यवस्थित लॉग. हा तुकडा मोजला तर बरोबर ४०९६ बाइटचा. म्हणजे मेमरीचं एक पान; कर्नल मेमरी अशाच तुकड्यांनी स्वॅपमध्ये हलवतो. डीएनएसच्या मेमरीत असलेली यादी स्वॅपमध्ये गेली होती आणि डिस्कने ती माझ्या लॉग फाइलवर लिहिली होती. उलट दिशेनेही तेच घडत असणार: लॉगची नवी ओळ लिहिली की कुठल्यातरी प्रोसेसचं स्वॅपमधलं पान खराब, आणि ते पान परत रॅममध्ये आलं की प्रोसेस ठार.

डिस्क काढून लॅपटॉपला लावली आणि एफ३प्रोब चालवलं. एफ३ हा बनावट फ्लॅश पकडण्यासाठीच लिहिलेला मुक्त संच आहे. निकाल स्वच्छ: डिव्हाइस बनावट, प्रकार 'रॅपअराउंड', जाहीर आकार १ टीबीच्या घरात, वापरण्याजोगा आकार ६० जीबीहूनही कमी. साठ पानांच्या वहीवर हजार पानांचं वेष्टन चढवावं आणि एकसष्टावं पान मागितलं की गुपचूप पहिलंच पान पुढे करावं, तसं आतलं फर्मवेअर वागतं. दुसऱ्या जातीच्या बनावट डिस्क जास्तीचं लिखाण सरळ फेकून देतात. एफ३ त्यांना 'लिम्बो' म्हणतं. दोन्हीत समान गोष्ट ही की लिहिताना डिस्क 'झालं' असंच सांगते.

मग केस उघडली. धातूचं वजनदार कवच, आत एक छोटी पट्टी, तिच्यावर चिकटवलेलं मायक्रोएसडी कार्ड, आणि हाताला जड लागावं म्हणून डिंकाने बसवलेला लोखंडाचा तुकडा. पोर्ट यूएसबी ३सारखा निळा होता, पण जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणाऱ्या 'एलएसयूएसबी -टी' कमांडमध्ये वेग ४८०एम दिसत होता, म्हणजे यूएसबी २. खऱ्या यूएसबी ३ डिस्कला तिथे ५०००एम किंवा त्याहून जास्त दिसायला हवं. तो लोखंडाचा तुकडा पाहून मला खरोखर संताप आला. फर्मवेअर कोणीतरी दुसऱ्याने बदललं असेल, पण वजन भरण्याचं काम जाणूनबुजून, हाताने केलेलं असतं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. एमकेस्वॅप पूर्ण पार्टिशनवर काही लिहीत नाही. पहिल्या पानात एक छोटी ओळख-खूण लिहितो आणि मोकळा होतो. स्वॅपऑन तीच खूण वाचतो. स्वॅपमधल्या पानांना चेकसम (मजकूर बदलला का ते ओळखायचा आकडा) नसतो, म्हणून परत आलेलं पान तेच आहे का, हे कर्नल तपासत नाही. फाइल सिस्टीमवर फोटो बिघडला तर डोळ्यांना दिसतं. स्वॅपमध्ये बिघाड झाला तर एखादा प्रोग्रॅम मरतो आणि आपण त्या प्रोग्रॅमला शिव्या देतो. शिवाय स्वॅप छोटी आणि डिस्कच्या सुरुवातीला ठेवली, तर ती खऱ्या जागेतच बसते आणि बाकीची डिस्क भरेपर्यंत, कदाचित काही महिने, काहीच कळत नाही. परत करण्याची मुदत तेवढ्यात संपून जाते. फसवणाऱ्यांचा सगळा हिशेब याच मुदतीवर आहे.

विक्रेत्याला लिहिलं तर पहिलं उत्तर, 'फॉरमॅट करून बघा.' दुसरं, 'विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसतात ना? मग डिस्क बरोबर आहे.' १ टीबीची खरी डिस्क विंडोजमध्ये ९३१च दाखवते हे खरं, पण तो आकडा डिस्क स्वतःबद्दल जे सांगते तोच असतो. बनावट डिस्कही तेच सांगणार. तिसरं उत्तर जास्त धोकादायक होतं: 'बॅड सेक्टर स्कॅन करा, पास झाली तर आमची जबाबदारी नाही.' मी केला, आणि पास झाली! बॅडब्लॉक्स हे स्कॅनचं साधन प्रत्येक ब्लॉकमध्ये एकच नमुना लिहितं. हजारावं पान म्हणून पहिलं पान दिलं तरी त्यावर तोच नमुना सापडणार, मग चूक दिसणार कशी? 'एमकेस्वॅप -सी' तर फक्त वाचून बघतो. म्हणून असल्या स्कॅनच्या निकालावर कोणी तुम्हाला गप्प करू पाहत असेल तर ऐकू नका. प्रत्येक जागी वेगळा मजकूर लिहून तो परत वाचणारी चाचणीच इथे पुरावा ठरते. एफ३राइट आणि एफ३रीड तेच करतात. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आहे. एफ३प्रोब लवकर निकाल देतं, पण डिस्क रिकामी असतानाच चालवा.

शेवटी अर्धे पैसे परत देतो, अभिप्राय काढा, असा निरोप आला. मी नाकारला. एफ३प्रोबचा निकाल, उघडण्याआधीचे आणि नंतरचे फोटो आणि विक्रेत्याची उत्तरं जोडून पैसे भरले होते त्या मार्गाने वाद दाखल केला, तेव्हा पूर्ण रक्कम परत आली. फोटो आधी काढा, कवच नंतर उघडा. उघडलेली वस्तू परत घेत नाही, हे उत्तर तयारच असतं. आणि वस्तूखालचे चांगले अभिप्राय वाचताना एवढं बघा की कोणी डिस्क पूर्ण भरून बघितली आहे का. बहुतेकांनी पहिल्या दिवशी आकडा पाहून तारे दिलेले असतात. त्यांचा दोष नाही, पण तो पुरावाही नाही.

खऱ्या एसएसडीतही एक वेगळी लबाडी चालते: जुनी, काढून टाकलेली डिस्क नवी म्हणून विकणं. डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेली नोंद दाखवणारी 'स्मार्टसीटीएल -ए' कमांड चालवून पॉवर-ऑन तास आणि एकूण लिखाण बघा. यूएसबी केसमध्ये असेल तर '-डी सॅट' जोडावं लागतं. नव्या डिस्कवर हजारो तास असतील तर ताबडतोब परत करा. कोरे आकडे मात्र पूर्ण खात्री देत नाहीत, कारण ते पुसताही येतात. आणि त्या कमांडला मॉडेलचं नावही मिळत नसेल, तर आत एसएसडी आहे की कार्ड, हा प्रश्न विचारायलाच हवा.

मुळात स्वॅपला १ टीबी लागतच नाही. आधी झेडरॅम लावून बघा, ते रॅममध्येच पानं दाबून ठेवतं आणि अनेकांचं काम तेवढ्यावर भागतं. तरी कमी पडलं तर नामांकित कंपनीची, अधिकृत विक्रेत्याकडची छोटी एसएसडी पुरते.

तुमच्या डब्यात अशी संशयास्पद डिस्क आधीच स्वॅप म्हणून चालू असेल तर थेट स्वॅपऑफ करू नका. ती कमांड स्वॅपमधली सगळी पानं रॅममध्ये परत ओढते. खराब झालेली पानंही त्यात येतात, आणि रॅम पुरली नाही तर ओओएम किलर पुन्हा जागा होतो. एफस्टॅबच्या (डबा सुरू होताना काय जोडायचं त्या यादीच्या) कॉन्फिगमध्ये स्वॅपची नोंद बंद करा, जड सेवा थांबवा आणि डबा रीबूट करा. सेटिंग्ज स्वॅपमध्ये नसतात, आतल्या फ्लॅशवर असतात. पण बिघडलेल्या मेमरीतून एखाद्या प्रोसेसने त्या पुन्हा लिहिल्या असू शकतात, म्हणून डिस्क लावण्याआधी घेतलेला जुना बॅकअप शोधून त्याच्याशी एकदा ओळीने ताडून बघा.