बर्डीवरची भाषणलेखन सेवा : टाइप ठसठशीत, 'अनुशेष' कच्चा

हिवाळी अधिवेशन जवळ आलं की नागपुरात भाषणं लिहून देणाऱ्यांना उसंत नसते. बर्डीवरच्या अशाच एका सेवेचं दहा मिनिटांचं तयार भाषण तपासलं. अक्षर मोठं, ओळी मोकळ्या, श्वास घ्यायच्या जागी तिरकी रेघ. चष्मा घरी विसरलेल्या वक्त्यालाही वाचता येईल. मजकुराचं मात्र तसं नाही.

'अनुशेष' त्यात चौदा वेळा येतो, बरोबर जागी फार तर तीनदा. खड्ड्यांचा अनुशेष, डॉक्टरांचा अनुशेष, एके ठिकाणी तर चक्क 'विश्वासाचा अनुशेष'! काही कमी पडलं की झाला अनुशेष, असं नसतं. राज्यातला प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालाने माप घालून दिलं: सिंचन, रस्ते असं एकेक क्षेत्र घ्यायचं, ठरावीक तारखेची राज्याची सरासरी काढायची, जिल्हा तिच्या किती खाली आहे ते बघायचं आणि ती तूट भरायला लागणारा पैसा मांडायचा. क्षेत्र, तारीख, सरासरी यांतलं एक गाळलं की उरतं ते गाऱ्हाणं.

'नागपूर करारातला अनुशेष' हेही चूक. विदर्भ महाराष्ट्रात यावा म्हणून झालेल्या १९५३ च्या त्या करारात लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचं कलम होतं; सरासरीचं माप नंतरचं. आणि 'सगळा अनुशेष विदर्भाचाच' म्हणाल तर सभागृहातच कुणीतरी उभं राहील: दांडेकरांनी मोजलेल्या सुमारे ३,१८७ कोटींच्या अनुशेषात विदर्भ ३९ टक्के, पण उर्वरित महाराष्ट्रही (विदर्भ-मराठवाडा सोडून) ३७ टक्के होता.

सगळ्यांत घातक वाक्य शेवटच्या पानावर आहे: 'अनुशेष शंभर टक्के संपला.' कुठला? नंतरच्या समितीने १ एप्रिल १९९४ च्या पायावर मोजलेला, की आजच्या सरासरीवरचा? सरासरी वर सरकत राहते, त्यामुळे जुना आकडा शून्यावर आला तरी नवी तूट उभी राहते. म्हणून तर सत्ताधारी आणि विरोधक दोघंही एकाच शब्दावर खरं बोलल्याचा आव आणू शकतात. शिवाय निधी खर्ची पडला म्हणजे शेत भिजलं असं नाही. काम रखडलं, दर वाढले, की पैसा संपतो आणि पाणी कालव्याच्या तोंडाशीच राहतं.

एक दुरुस्ती मोफत मिळते, ती इथेच वापरा. प्रत्येक 'अनुशेषा'पुढे क्षेत्र, तारीख आणि एकक मागून घ्या. वेळ नसेल तर त्या जागी 'तूट' किंवा 'टंचाई' घालून मोठ्याने वाचा. वाक्य चाललं तर तेच ठेवा.