सायबर विमा की रिझर्व्ह बँकेचा नियम?

खात्यातून परस्पर पैसे गेले, तर पहिला आधार फुकटचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक ना तुमची ना बँकेची असेल आणि मेसेज आल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलंत, तर तुमच्यावर एका रुपयाचाही बोजा नाही. 4 ते 7 कामकाजाचे दिवस लागले, तर नेहमीच्या बचत खात्यात जास्तीत जास्त 10,000 रुपये तुमच्या अंगावर.

ओटीपी तुम्हीच सांगितलात, तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान तुमचंच. विमा घ्यावासा वाटतो तो इथेच, आणि दावा अडकतो तोही इथेच. कित्येक पॉलिसींत स्वतःहून दिलेला ओटीपी, गुंतवणुकीच्या नावाखाली झालेली फसवणूक आणि क्रिप्टो हे सगळं वगळलेलं असतं. म्हणून माहितीपत्रकावर जाऊ नका, पॉलिसीतलं ‘अपवाद’ हे पान वाचा. उपमर्यादाही बघा: 10 लाखांच्या कव्हरात पैसेचोरीसाठी त्यातला थोडाच हिस्सा असू शकतो.

तुमच्या नावाने कुणी भलतंच काही केलं आणि वकील लावावा लागला, तर विमाच कामाचा. बँकेचा नियम तिथे लागूच होत नाही.

विमा असो वा नसो, आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन आणि लगेच बँकेला. दोन्ही तक्रार क्रमांक वेळेसह लिहून ठेवा, दाव्यात तेच मागतात.